बेलफास्टला पाठवत नाही म्हणणाऱ्या आपल्याच माणसांना

लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, जिथे कुठे असाल तिथल्या मराठी दुकानदार, घाऊकवाले, फराळवाल्या ताई, मसालेवाल्या काकू आणि आकाशकंदील ऑनलाइन विकणारी पोरं, सगळ्यांना उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून नमस्कार.

गेल्या महिन्यात बायकोने चकलीची भाजणी मागवायला घेतली. माझं स्वतःचं किराणा दुकान आहे, पण भाजणी माझ्याकडे नसते (का नसते ते पुढे येईलच), म्हणून तिने तिकडच्या एका ताईंच्या साइटवर दोन किलो भाजणी, अर्धा किलो मेतकूट, थोडा गोडा मसाला असं सगळं कार्टमध्ये टाकलं, पत्ता लिहिला, आणि पोस्टकोडची बीटी ही दोन अक्षरं (आमच्या उत्तर आयर्लंडचे पोस्टकोड त्यानेच सुरू होतात) टाकल्या टाकल्या लाल अक्षरात उमटलं, सॉरी, आम्ही तुमच्या देशात डिलिव्हरी करत नाही.

तुमच्या देशात! अहो बाई, पाउंडच देतोय ना तुम्हाला. त्याच राजाचं तोंड असलेल्या नोटा आहेत. बरं, इथल्या बँका स्वतःच्या वेगळ्या नोटा छापतात आणि त्या लंडनमध्ये काढल्या की दुकानदार खोट्या असल्यासारखं उजेडात धरून बघतो, पण तो वेगळाच विषय आहे, त्यावर परत कधीतरी. बायकोने व्हॉट्सअॅपवर विचारलं तर उत्तर आलं, अगं ब्रेक्झिटनंतर तिकडे कस्टम लागतं ना, झंझट नको वाटतं. पुढे हात जोडलेले दोन इमोजी.

राग नाही आला. म्हणजे आला, खोटं कशाला बोलू, पण त्या एकट्या नाहीत. मागच्या चार-पाच वर्षांत मी असे कमीतकमी वीस तरी मेसेज बघितलेत, आणि त्यातले निम्मे तरी आज खोट्या माहितीवर उभे आहेत. म्हणून हे पत्र. सरकारला लिहून काय होतं ते आपण सगळेच जाणतो, तिथे पोच येते आणि विषय संपतो. तुम्हाला लिहिलं तर निदान वाचाल तरी.

तुमच्यापैकी ज्यांनी ब्रेक्झिटच्या बातम्या २०२० नंतर बघायच्याच सोडून दिल्या त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगतो. ३१ जानेवारी २०२० ला आपण युरोपियन युनियनच्या बाहेर पडलो, डिसेंबरअखेर जुने नियम संपले. प्रश्न आमच्या भागाचा होता. आयर्लंड प्रजासत्ताक युरोपात राहिलं, आमचा सहा काउंट्यांचा तुकडा ब्रिटनमध्ये, आणि मधली सीमा जवळपास ५०० किलोमीटरची, शेतातून, गल्लीतून, लोकांच्या परसातून जाणारी. तिथे चेकनाका उभा करायचा नाही हे १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर सगळ्यांच्याच डोक्यात पक्कं होतं, ज्याने तीस वर्षांचा रक्तपात बघितलाय तो तिथे परत बॅरियर आणि वर्दी बघायला तयार नव्हता. मग नाका टाकायचा कुठे? समुद्रात टाकला. म्हणजे स्कॉटलंडच्या केर्नरायनहून फेरीत चढलेली गाडी दोन तासांनी आमच्या लार्नला उतरते, एकाच देशातून त्याच देशात, पण मालाला नियम युरोपचे. याचं नाव प्रोटोकॉल, लागू १ जानेवारी २०२१ पासून.

त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन इथे येऊन धंदेवाल्यांना सांगून गेले होते की कोणी फॉर्म भरायला सांगितला तर मला फोन करा, तो फॉर्म कचऱ्याच्या डब्यात टाका असं मी सांगेन. आम्ही हसलो होतो. जानेवारी २०२१ मध्ये तो फोन नंबर कोणाकडेच नव्हता.

आता माझी स्वतःची गंमत सांगतो, कारण दुसऱ्याला शहाणपण शिकवायच्या आधी आपण काय दिवे लावले ते सांगावं. त्या जानेवारीत माझी एक पॅलेट इंग्लंडच्या मिडलँड्समधून निघाली. इनव्हॉइसवर माझ्या सांगण्यावरून लिहिलं होतं, इंडियन ग्रोसरी मिक्स. वर्षानुवर्षं तसंच लिहीत होतो. एवढ्यावर पॅलेट अडकली, कारण आता प्रत्येक वस्तूचा कोड हवा, वजन हवं, कुठल्या देशात बनली ते हवं. माझ्या त्या पॅलेटवर चाळीसेक वस्तू. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन मी आणि बायको कोड शोधतोय, पापड कशात येतो? पापड निघाला १९०५ मध्ये, ब्रेड आणि बिस्किटांच्या घरात. बायको म्हणाली, आईला सांगू नको, तिच्या उडदाच्या पापडाला कोणी बिस्कीट म्हणालं तर जेवायची नाही. हिंगावर अर्धा तास गेला. भाजणीपाशी आम्ही थांबलो, पीठ म्हणावं की मिश्रण, भाजलेलं आहे म्हणजे तयार पदार्थ का, आणि जिरं-धणे घातलेत त्याचं काय. शेवटी मी म्हटलं, काढ भाजणी यादीतून. तेव्हापासून माझ्या दुकानात भाजणी नाही. म्हणजे बघा, त्या ताईंनी बीटीला जे केलं तेच मी भाजणीला केलं, झंझट नको म्हणून यादीतून काढून टाकलं. पॅलेट नऊ दिवसांनी आली. मेथीचं काय झालं असेल ते विचारू नका.

माझे वडील सांगलीला हळदीच्या आडतीत होते. पोरगा परदेशात कस्टमशी झगडतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं काहीतरी मोठं आंतरराष्ट्रीय प्रकरण असणार. मी फोनवर सगळं समजावलं, हिरवी लेन, लाल लेन, इथेच खपणारा माल, पुढे जाऊ शकणारा माल. ऐकून घेतलं आणि म्हणाले, अरे ही तर जकात आहे.

आणि खरंच की. ज्यांचं लहानपण महाराष्ट्रात गेलंय त्यांना जकात नाका सांगायला नको. एकाच राज्यातलं गाव, एकाच देशातला माल, पण शहराच्या वेशीवर ट्रकची रांग, ड्रायव्हर पावती हातात घेऊन खिडकीशी, आणि माल शहरात उतरणार नसेल, नुसता पुढे जाणार असेल तर एस्कॉर्टची पावती फाडायची, म्हणजे तुझा ट्रक या टोकाने आत आला आणि त्या टोकाने बाहेर पडला, मधे एक पोतंही उतरलं नाही याची हमी. इथला सगळा नियम त्याच शंकेवर उभा आहे. बेलफास्टला उतरलेलं पोतं उद्या डब्लिनला तर जाणार नाही ना? ते इथेच खपणार असं पटवून दिलं की हिरवी लेन, कागद कमी, कर नाही. पटवता नाही आलं की ते रिस्कवालं धरतात आणि मग लाल लेन, पूर्ण कागद, युरोपचा दर. वडील म्हणाले, आमची जकात मुंबईतून जायला २०१७ चा जीएसटी यावा लागला, तुमची कधी जाते बघू. आणि मग त्यांचं नेहमीचं, तिकडे गारठा किती आहे.

हा रिस्कचा मुद्दा तुमच्या कामाचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनचा व्यापार करार झाला, सह्या झाल्या, पेढे वाटले आपण सगळ्यांनी. त्यात ब्रिटनने आपल्याकडच्या बहुतेक मालावरचा कर काढायचं मान्य केलंय. पण युरोपचा दर युरोप ठरवणार. म्हणजे उद्या तुम्ही भारतातून शून्य कराने आणलेला माल मला पाठवला आणि तो इथेच खपणार हे कागदावर नीट दाखवलं नाही, तर त्यावर युरोपचा कर बसू शकतो. लंडनला स्वस्त झालेला माल बेलफास्टला महागच राहायचा, फक्त एक नोंदणी केली नाही म्हणून. ती नोंदणी म्हणजे यूके इंटर्नल मार्केट स्कीम, सरकारी भाषेत भरवशाचा व्यापारी. एकदा करायची असते. फुकट आहे.

आता औषधांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तिथे आहे आणि घरात रोज तेच ऐकतो. बायको फार्मासिस्ट आहे. इथे औषधाच्या दुकानाला लोक केमिस्टच म्हणतात, आपल्यासारखंच, आणि इथे २०१० पासून प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत, इंग्लंडवाल्यांनो जळा थोडे.

२०२१ मध्ये किराणा अडकला तेव्हा लोक वैतागले, पण औषधांचं नाव निघालं तेव्हा लोक घाबरले. अडचण अशी होती बघा. गोळी बनते समजा गोव्यात. ब्रिटनमध्ये ज्या गोळ्या खपतात त्यातल्या कितीतरी आपल्याकडूनच येतात. ती इंग्लंडला येते, तिथे बॅच तपासली जाते, शिक्का बसतो, मग देशभर जाते. प्रोटोकॉलनंतर नियम काय झाला, तर उत्तर आयर्लंडसाठी ती तपासणी युरोपात किंवा इथेच व्हायला हवी, लायसन्सधारक पण तसाच हवा. म्हणजे तीच गोळी, तोच कारखाना, तीच बॅच, एक खोकं ग्लासगोला आणि एक बेलफास्टला, आणि दुसऱ्याला परत परीक्षा. १९ लाख लोकसंख्येसाठी कोण कंपनी हा खर्च करणार? काहींनी नोटिसा दिल्या की अमुक औषध तुमच्याकडे बंद करतोय. बाजारात त्यांचा हिशोब बरोबरच होता, तुमचा आहे तसाच. सवलतीची मुदत होती म्हणून शेल्फ रिकामे पडले नाहीत, पण मुदत संपल्यावर काय हे कोणाला माहीत नव्हतं. बायकोच्या काउंटरवर एक आजी दर महिन्याला यायच्या, थायरॉइडची गोळी, आणि दरवेळी एक महिन्याऐवजी दोन महिन्यांची मागायच्या. देता येत नाही म्हटलं की म्हणायच्या, बोट बंद झाली तर? बोट बंद होणार नाही हो आजी, असं बायको रोज सांगायची आणि घरी येऊन मला विचारायची, होणार नाही ना रे?

आणखी एक भानगड. युरोपात २०१९ पासून बनावट औषधं रोखायला प्रत्येक खोक्यावर वेगळा चौकोनी कोड असतो, देताना तो स्कॅन करून सिस्टिममधून उडवायचा. ब्रिटनच्या बाकी भागात २०२० संपताना ते थांबलं. इथे चालू राहिलं. तिकडच्या खोक्यात आणि इथल्या खोक्यात फरक, पण गोदाम एक, कारखाना एक.

एप्रिल २०२२ मध्ये युरोपने स्वतःचा कायदा बदलला आणि ग्रेट ब्रिटनमधून येणाऱ्या, तिथे तपासलेल्या औषधांना इथे परवानगी दिली. हे लक्षात ठेवा, युरोपने कायदा बदलला, आपण जे नेहमी म्हणतो की ब्रसेल्सवाले ऐकतच नाहीत ते अगदी तसंच नाहीये. मग २७ फेब्रुवारी २०२३ ला विंडसरमध्ये तेव्हाचे ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी नवा करार जाहीर केला, विंडसर फ्रेमवर्क, आणि त्यातला औषधांचा भाग १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आता ब्रिटनची औषधांवर देखरेख करणारी संस्था एमएचआरए लायसन्स देते ते सगळ्या देशाला एकच, नवीन औषधांनासुद्धा, तो चौकोनी कोड उडवायचं काम इथे बंद, आणि खोक्यावर फक्त दोन शब्द छापायचे, यूके ओन्ली. बस. त्या जानेवारीत बायकोने तसं पहिलं खोकं हातात घेतलं, फिरवून बघितलं, कोपऱ्यात तेवढी बारीक ओळ, आणि म्हणाली, एवढ्यासाठी चार वर्षं?

मला इथे एक गोष्ट दिसते ती सांगतो, पटली तर बघा. औषधं सुटली कारण पाठवणाऱ्याच्या डोक्यावरचं काम काढून घेतलं. कारखान्यात एकदा दोन शब्द छापले की गोळी बेलफास्टला जाते का वेल्सच्या बॅन्गॉरला याचा पाठवणाऱ्याने विचारच करायचा नाही. किराण्याचं तसं केलं नाही. किराण्याला योजना दिल्या. योजना चांगल्या आहेत, आधीच्यापेक्षा शंभरपट बऱ्या आहेत, पण योजनेत नाव घालायला कोणीतरी संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बसावं लागतं, आणि मोठ्या सुपरमार्केटकडे त्यासाठी अख्खं डिपार्टमेंट आहे, फराळवाल्या ताईंकडे त्या स्वतः आहेत आणि तळणीवर चकल्या आहेत. २०२१ मध्येसुद्धा मटण-दुधाच्या मालावर जी तात्पुरती सूट होती ती यादीत नाव असलेल्या मोठ्यांना. त्यामुळे तुमची चूक आहे असं मी म्हणतच नाही. नियम लिहिणाऱ्यांनी छोट्याचा विचार शेवटी केला, हे खरंच आहे. पण आता नियम बरेच बदललेत आणि तुम्ही अजून २०२१ मध्येच बसलाय, हे पण खरं आहे.

तर काय बदललंय. १ मे २०२५ पासून पार्सलचे नियम आले. तेव्हा सगळीकडे बोंब झाली, आता पार्सलला पण कस्टम, आणि त्याच आठवड्यात माझ्या माहितीतल्या तीन जणांनी बीटी बंद केलं. पण नीट वाचा हो. तुमच्या दुकानातून माझ्या घरी, म्हणजे साध्या गिऱ्हाइकाला पार्सल येत असेल, तर तुम्ही कस्टमचं डिक्लरेशन भरायचं नाही. कर नाही. काकूने पुतण्याला पाठवलेल्या डब्याला पण नाही. डेटा द्यायचा असतो तो कुरिअर कंपनी देते, तिने त्यासाठी अधिकृत नोंदणी केलेली असली पाहिजे. तुमचं काम एवढंच की कुरिअरला आत काय आहे ते धड सांगायचं, फूड म्हणून नाही आणि गिफ्ट म्हणून तर नाहीच नाही, तर अडीच किलो भाजणीचं पीठ, असं. मनाई किंवा बंधनं असलेल्या वस्तू अर्थातच वेगळ्या, झाडं, बिया, कुंडीतली तुळस असलं काही असेल तर आधी विचारा, आणि तुपा-दुधाचं असेल तरी आधी विचारा. पण कोरडा मसाला, चिवडा, पीठ, यासाठी अख्ख्या उत्तर आयर्लंडला ब्लॉक करायचं काही कारण नाहीये.

धंद्याकडून धंद्याला, म्हणजे तुमच्या गोदामातून माझ्या दुकानात, तिथे ती यूके इंटर्नल मार्केटची नोंदणी लागते आणि थोडी माहिती भरावी लागते, पण पूर्वीसारखं पुराण नाही. आणि खाण्याचा माल पॅलेटने, गाडीने येत असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून रिटेलची वेगळी योजना आहे, पाठवणारा आणि घेणारा दोघांची नोंद लागते, माझी आहे, आणि मग एका गाडीला एक सर्टिफिकेट, गाडीला सील. आधी प्रत्येक दुधाच्या-मटणाच्या वस्तूला व्हेटची, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची, सही लागायची, त्यापुढे हे म्हणजे स्वर्ग. त्या बदल्यात काही मालावर नॉट फॉर ईयू छापायचं. हे तुम्ही लंडनमध्ये पण बघितलं असेल, पनीरच्या नाहीतर दुधाच्या पाकिटावर, आणि वाटलं असेल की हे खराब माल आहे का काय, युरोप का घेत नाही. खराब नाही हो. ते आमच्यासाठी आहे. पूर्ण ब्रिटनभर ते सक्तीचं करायचं ठरलं होतं आणि मग २०२४ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. पापड-बिस्किटासारख्या टिकाऊ वस्तूंना सहसा ते लागतही नाही.

मी काही सगळं गोड आहे असं सांगत नाहीये. एक खरंच डोक्याला ताप असलेला नियम आहे आणि तो आकाशकंदीलवाल्यांना लागतो. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपचा नवीन वस्तू-सुरक्षेचा कायदा इथेही लागू झाला. खाण्याच्या वस्तू सोडून गिऱ्हाइकाला विकायच्या बहुतेक सगळ्या वस्तू, खेळणी, दिवे, भांडी, हाताने बनवलेलं सुद्धा, यासाठी एक जबाबदार माणूस किंवा कंपनी हवी जिचा पत्ता युरोपात किंवा उत्तर आयर्लंडमध्ये आहे, आणि ते नाव-पत्ता वस्तूसोबत हवं. म्हणजे पुण्याहून आणलेला कागदी कंदील तुम्ही लंडनजवळच्या स्लाऊमधून मला विकणार असाल तर हे लागतं. छोट्या लोकांनी हे वाचून सरळ बंद केलं, आणि इथे मी त्यांना दोष देणार नाही. एका पोराने मला विचारलं, काका तुमचा पत्ता बेलफास्टचा आहे ना, जबाबदार माणूस म्हणून तुमचं नाव टाकू का? मी हो म्हणणार होतो. बायकोने हातातून फोन घेतला. तिचं म्हणणं, कंदिलाला आग लागली तर तुला शोधत येतील, सही करण्याआधी आपण औषधाचा कागद पण दोनदा वाचतो. तेही खरं. पण यावर मिळून काही करता येईल का हे बघायला हवं, एकेकट्याने नाही जमायचं.

मधल्या काळात इथे काय झालं ते पण सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की आम्ही उगाच रडतोय. या एका समुद्रातल्या नाक्यावरून इथलं सरकारच बंद होतं, फेब्रुवारी २०२२ ते फेब्रुवारी २०२४, पूर्ण दोन वर्षं. माझ्या दुकानाच्या एका बाजूला जो शेजारी आहे त्याला हा नाका म्हणजे त्याच्या ब्रिटिशपणावर थुंकणं वाटतं, दुसऱ्या बाजूची बाई म्हणते जमिनीवर नाका आला असता त्यापेक्षा हे परवडलं. दोघंही माझ्याकडून समोसे नेतात आणि मी दोघांच्याही बोलण्याला मान हलवतो, धंदा करायचा असतो. १० डिसेंबर २०२४ ला इथल्या असेंब्लीत हे नियम पुढे चालू ठेवायचे का यावर मतदान झालं, ४८ विरुद्ध ३६, चालू ठेवायचे. म्हणजे आणखी काही वर्षं तरी हे असंच आहे. १९ मे २०२५ ला लंडन आणि ब्रसेल्सचं ठरलंय की खाण्याच्या आणि शेतीच्या मालाचा एक करार करायचा, तो झाला तर खाण्याच्या मालाचे बरेच कागद जातील. पण कंदिलाचा नियम त्याने जाणार नाही, आणि पार्सलचाही नाही. म्हणून तो करार होईपर्यंत थांबू असं म्हणत असाल तर थांबू नका.

तुम्ही थांबलात तर काय होतं ते मी दोन उन्हाळे बघितलंय. हापूस. तिकडच्या एका मोठ्या घाऊकवाल्याला सलग दोन वर्षं मार्चमध्ये फोन केला, दोनदा उत्तर आलं की बेलफास्टचं बघू नंतर. नंतर म्हणजे जून, तोवर हापूसचं काय उरणार. मग मी डब्लिनला फोन केला. तिकडच्या माणसाने किती पेट्या एवढंच विचारलं. डब्लिन इथून १०० मैल, गाडी दोन तासांत दारात, आणि सीमा कुठे लागली हे कळतं ते एवढ्यावरून की स्पीड लिमिटच्या पाट्या किलोमीटरच्या मैलात होतात. ना फॉर्म, ना कोड, ना सील. आता माझा आंबा तिकडून येतो, हळूहळू तूर डाळ पण तिकडून यायला लागली, आणि गेल्या वर्षीपासून लोणची. ज्या माणसाकडून मी दहा वर्षं माल घेत होतो, ज्याच्या मुलीच्या लग्नाला मी बोटीने आणि मग सात तास गाडी चालवून गेलो, त्याच्याकडून आता माझी महिन्याला एक पॅलेट येते, पूर्वी चार यायच्या. तो मराठी, डब्लिनवाला मराठी नाही, पण त्याला मी परदेशी वाटत नाही.

माझं मागणं फार नाही. साइटच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, बीटी बंद आहे का, आणि का बंद आहे. कितीतरी जणांनी ते स्वतः बंद केलेलंच नसतं, साइट बनवणाऱ्या पोराने २०२१ मध्ये एक टिक काढून टाकलेली असते. कुरिअरला एक फोन करा की तुमची उत्तर आयर्लंडची नोंदणी आहे का. गोदामवाल्यांनी ती एक नोंदणी करून टाका, कागद भरताना अडलं तर मला विचारा, पापडाचा कोड मला तोंडपाठ आहे. आणि जमत नसेल तर जमत नाही म्हणा, चालेल, पण तुमच्या देशात असं लिहू नका हो.

भाजणी मी परत यादीत घेतोय. दिवाळीच्या आधीची माझी पॅलेट मिडलँड्समधून मंगळवारी निघते, लिव्हरपूलच्या रात्रीच्या बोटीवर चढते, बुधवारी सकाळी इथे. तिच्यावर वरच्या थरात साधारण दोन फूट जागा रिकामी आहे. त्या ताई हे वाचत असतील तर वीस किलो माझ्यासाठी बाजूला ठेवा, पैसे आधी पाठवतो, आणि पिशवीवर फक्त भाजणी लिहू नका, आत काय काय आहे ते सगळं लिहा, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरं, वजनासकट.

तुमचा,
बेलफास्टचा एक किराणावाला